घोड्याच्या जागी गाडी

दर गुरुवारी सकाळी साडेसहाला आमची गाडी नाशिक रोडहून निघायची आणि गाडीत आम्ही तिघं असायचो. गाडी डोळ्यांच्या एका धर्मादाय दवाखान्याची होती. पांढरी, दारावर दवाखान्याचं लाल अधिकचं चिन्ह असलेली. पेठ तालुक्यातल्या पाड्यांवर जायचं, म्हाताऱ्या माणसांचे डोळे तपासायचे, मोतीबिंदू असेल त्याला शहरात आणायचं आणि ऑपरेशन झालं की परत घरी पोचवायचं, असं आमचं काम. मी चष्म्याचे नंबर काढायचे. सिस्टर थेंब घालायच्या, पट्ट्या बदलायच्या, रक्तदाब बघायच्या. चाचा गाडी चालवायचे. नऊ वर्षं आम्ही असे जात होतो.

चाचा पन्नाशी ओलांडलेले, बारीक अंगाचे, घर जुन्या नाशकात. त्यांना घाई अशी मी कधी पाहिली नाही. सावळघाटात मागून कुणी कितीही हॉर्न वाजवला तरी ते बाजूला घेऊन त्याला जाऊ द्यायचे. पावसाळ्यात एखाद्या फरशीवरून, म्हणजे नदीतल्या त्या बुटक्या पुलावरून, पाणी जात असलं की गाडी थांबवायची, उतरायचं, काठी टाकून खोली बघायची आणि गुडघ्याच्या वर पाणी असेल तर गाडी वळवायची. "आज नाही," एवढंच म्हणायचे. दवाखान्यातले डॉक्टर नंतर रागावले तरी "आज नाही."

सिस्टर त्यांच्या अगदी उलट. उंच, खणखणीत आवाजाच्या, सतत लगबगीत. शरणपूरकडचं जुनं मराठी ख्रिस्ती घर. त्यांनी लग्न केलं नव्हतं. सरकारी प्रेसमधून निवृत्त झालेला एक विधुर भाऊ होता, त्याच्यासोबत राहायच्या. पाड्यावरच्या म्हाताऱ्यांना त्या पोरासारखं दटावायच्या. "बाबा, डोळ्याला हात लावलात तर हात बांधून ठेवीन हां!" म्हातारे हसायचे आणि खरंच हात मांडीखाली घालून बसायचे.

माझं माहेर पंचवटीतलं. वडील यात्रेकरूंची पूजा सांगायचे. मी ही नोकरी धरली तेव्हा आई म्हणाली होती, "एवढ्या लांब जंगलात जायचं, गाडीत सोबतीला कोण?" मी सांगितलं. तशी ती म्हणाली, "म्हणजे आपल्यातलं कुणीच नाही."

एका वर्षी रमजान आणि सिस्टरांचे ईस्टरच्या आधीचे उपास एकाच सुमारास आले. चाचांचा कडक रोजा. सिस्टर त्या दिवसांत एकदाच जेवायच्या आणि चहा सोडायच्या. मला मात्र सकाळी आठला पोटात काही नसेल तर गरगरायचं. पहिल्या गुरुवारी मी पोह्यांचा डबा पदराखाली धरून, तोंड खिडकीकडे करून चोरासारखे दोन घास खाल्ले. चाचांनी आरशातून पाहिलं असावं. करंजाळीच्या अलीकडे त्यांनी गाडी एका आंब्याखाली घेतली.

"ताई, तुम्ही आरामात खाऊन घ्या. आम्ही जरा पाय मोकळे करतो."

"चाचा, मला लाज वाटते हो. तुम्ही दोघं उपाशी आणि मी..."

"उपास आमचा आहे ना?" सिस्टर दार उघडत म्हणाल्या. "आमच्या देवांनी तुम्हाला कशाला कोंडून ठेवायचं?"

दोघं खाली उतरले आणि गाडीकडे पाठ करून डोंगराकडे बघत उभे राहिले. मी खाईपर्यंत एकदाही वळले नाहीत. पुढचा महिनाभर त्या आंब्याखाली आमची दहा मिनिटं ठरलेली होती.

त्यानंतरच्या वर्षी शहर बिघडलं. कुठल्याशा मिरवणुकीवरून दगड पडले, दोन दिवस दुकानं बंद राहिली, मग उघडली. पण माणसं पूर्वीसारखी एकमेकांकडे बघेनाशी झाली. यांच्याकडून घ्या, त्यांच्याकडून घेऊ नका, असे मेसेज फिरायला लागले. चाचांच्या थोरल्या मुलाचं बांगड्यांचं दुकान होतं, तिथे वर्षानुवर्षं येणाऱ्या बायका समोरून मान खाली घालून जाऊ लागल्या. तिकडे पेठकडे एका घरात प्रार्थनेला जमलेल्या लोकांना बाहेरून आलेल्या काही तरुणांनी हुसकून लावलं होतं. सिस्टर गळ्यातली क्रूसाची साखळी पाड्यावर पोचण्याआधीच ब्लाउजच्या आत सरकवू लागल्या. नऊ वर्षांत असं कधी त्यांनी केलं नव्हतं.

एकदा घाट चढताना त्या हसत म्हणाल्या, "काल भाऊ काय म्हणाला माहितीये? म्हणे, तुझी गाडी तो माणूस चालवतो ते बरं नाही. आपण आधीच लोकांच्या डोळ्यांवर आहोत. त्यांच्यासोबत दिसलो की दुप्पट."

मला वाटलं चाचांना वाईट वाटेल. त्यांनी वळण घेतलं. मग म्हणाले, "माझा मुलगाही तेच म्हणतो. सिस्टरसोबत फिरता, उद्या लोक म्हणतील यालाही बाटवला."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"म्हटलं, नऊ वर्षं झाली. बाटवायचं असतं तर एवढा वेळ लागला असता का?"

सिस्टर इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मीही हसले. पण त्या दोघांच्याही घरी ही भीती शिरली होती, दोन्ही घरं एकमेकांना बिचकून होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

गणपती होऊन गेले होते. पाऊस परतीला लागलेला, उघडझाप चालू होती. त्या गुरुवारी आमच्यासोबत ऑपरेशन झालेली पाच म्हातारी माणसं होती, प्रत्येकाच्या एका डोळ्यावर हिरवी पट्टी. त्यांना पाड्यावर सोडायचं होतं. दुपारी दीडच्या सुमाराला आम्ही नदीवर पोचलो तर फरशीवरून पाणी जात होतं. चाचा उतरले, काठी टाकली. मांडीएवढं पाणी.

"आज नाही."

ते गाडी वळवणार तेवढ्यात पलीकडच्या उतारावर एक जीप दिसली. पाड्यातली माणसं आपल्या म्हाताऱ्यांना न्यायला निघाली होती. आम्ही दिसलो म्हणून असेल, जीपवाल्याने गाडी थेट पाण्यात घातली. चाचांनी दिवे लावले, विझवले, आम्ही हात हलवून ओरडलो, पण पाण्याच्या आवाजात काय ऐकू जाणार? जीप मध्यावर येऊन बंद पडली, जरा फिरली आणि फरशीच्या कडेच्या दगडाला टेकून तिरकी अडकली. आत सहा जण होते. जीपवाला, दोन बायका, एक म्हातारा, दोन लहान पोरं. पाणी बघता बघता चढत होतं.

पुढचं सगळं मी हजार वेळा आठवलं आहे. प्रत्येक वेळी मला नवल वाटतं ते चाचांच्या शांतपणाचं. त्यांनी चाकांना दगड लावले. गाडी ओढायचा जाड दोर काढून पुढच्या हुकाला बांधला, दोनदा झटका देऊन बघितला. चपला काढून पायरीवर नीट जोडून ठेवल्या. दोराचं दुसरं टोक कमरेला बांधलं. नेहमी गाडीच्या टपावरची पत्र्याची पेटी बांधतात तसंच, गाठ पुन्हा तपासून.

"ताई, तुम्ही इथं काठाला उभ्या राहा. येईल त्याला वर ओढा. पाण्यात उतरू नका."

"पोरांना धरायला मध्ये कुणीतरी लागेल," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी साडीचा कासोटा घातला होता.

"सिस्टर, तुम्ही नको."

"मी गोदावरीत पोहायला शिकले, चाचा. तुम्हाला येतं का पोहता?"

चाचा पाण्याकडे वळले. त्यांना पोहता येत नव्हतं. हे मला त्या क्षणी कळलं, आणि तोवर ते पाण्यात उतरलेही होते.

ते फरशीच्या वरच्या कडेने, एक पाऊल रोवून मगच दुसरं उचलत गेले. जीपपर्यंत पोचले, कमरेचा दोर सोडून जीपच्या सांगाड्याला बांधला. दोर ताणला गेला. सिस्टर दोराला धरून निम्म्यावर जाऊन उभ्या राहिल्या. आधी पोरं आली. चाचा सिस्टरांकडे द्यायचे, सिस्टर पोराला छातीशी धरून माझ्याकडे. मग बायका. म्हातारा जीप सोडायला तयार होईना, डोळे गच्च मिटून दांडी धरून बसला होता. चाचा त्याच्या कानाशी लागून काहीतरी बोलले आणि त्याला पाठंगुळी घेऊन आले. शेवटी जीपवाला आला, रडत. सहाही जण काठावर पोचले.

"सिस्टर, या आता!" मी ओरडले.

त्यांनी मागे वळून पाहिलं. चाचा अजून पाच-सहा पावलं मागे होते. पाणी त्यांच्या कमरेच्या वर होतं आणि ते दमले होते. सिस्टर इकडे यायच्या ऐवजी तिकडे गेल्या. चाचांनी त्यांचा दंड धरला. दोघं निघाले, आणि वरून एक उपटलेलं झाड आलं, फांद्यांसकट. ते जीपवर आदळलं, जीप फरशीवरून खाली गेली आणि दोराला हिसका बसून तो तुटला.

मी डोळे मिटले नव्हते. पाण्यात मला सिस्टरांचा निळा पदर दिसला, चाचांचा हात दिसला, दोन्ही जवळजवळच होतं. मग वळणापलीकडे काही दिसलं नाही. गाडीतली म्हातारी माणसं एका डोळ्याने बाहेर बघायचा प्रयत्न करत विचारत होती, "काय झालं? कोन गेलं? सिस्टर कुठंय?" माझ्या कमरेला एक ओलं पोर चिकटलं होतं.

पाड्यातल्या पुरुषांनी अंधार पडेपर्यंत शोधलं. पहाटे पुन्हा उतरले. दीड-दोन मैल खाली, एका जांभळीच्या मुळांत ते दोघं सापडले, एकमेकांपासून चार हातांवर. तालुक्याच्या दवाखान्यातले सोपस्कार झाले आणि एकाच ॲम्ब्युलन्समधून दोघांना नाशिकला आणलं. पुढे ड्रायव्हरशेजारी सिस्टरांचा भाऊ बसला होता. मी मागे होते.

आधी जुन्या नाशकात चाचांना उतरवायचं होतं. गल्ली माणसांनी भरली होती. सिस्टरांचा भाऊ काच वर करून ताठ बसून राहिला. हा माणूस त्या गल्लीत आयुष्यात पहिल्यांदा आला होता, आणि असा. दार उघडलं. लोकांनी चाचांना उतरवलं. मला वाटलं, आता दार बंद होईल आणि आपण पुढे जाऊ. पण चाचांची म्हातारी आई, सगळे तिला अम्मी म्हणत, दोन बायकांचा आधार घेत गाडीपाशी आली. तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आमच्याच दवाखान्यात झालं होतं, आणि त्यानंतर महिनाभर सिस्टर ड्यूटी संपवून रोज तिच्या घरी थेंब घालायला जायच्या.

अम्मीने आत वाकून पाहिलं. सिस्टरांच्या अंगावरची चादर चिखलाने माखलेली होती. ती मागे वळून एवढंच म्हणाली, "नई चादर लाओ." कुणीतरी घरातून कोरी पांढरी चादर आणली. बायकांनी पुरुषांना मागे सरायला सांगितलं, ॲम्ब्युलन्सच्या दाराला आडोसा धरला आणि सिस्टरांना स्वच्छ पुसून त्या चादरीत नीट झाकलं. अम्मीने त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. जिचा मुलगा बाहेर जनाज्याची वाट बघतोय अशी ती आई, आधी दुसऱ्याच्या बहिणीला झाकत होती.

मी पुढे पाहिलं. सिस्टरांचा भाऊ गाडीतून उतरला होता. कुणीतरी त्याला खुर्ची दिली, पाण्याचा ग्लास दिला. तो पाणी प्यायला आणि त्याने चाचांच्या मुलाला विचारलं, "आमचं चार वाजता आहे. तुमचं किती वाजता?"

"दुपारच्या नमाजनंतर. दोनपर्यंत होईल."

"मग मी थांबतो," तो म्हणाला.

तो थांबला. कब्रस्तानापर्यंत चालत गेला. बहिणीचा देह आमच्यासोबत शरणपूरला पाठवला आणि स्वतः दोन वाजेपर्यंत तिथे उभा राहिला, हे मला नंतर कळलं.

चारच्या आधी मी शरणपूरहून अम्मीला भेटायला परत आले आणि आता सिस्टरांच्या दफनाला निघते असं सांगितलं. तिने माझा हात धरला. त्यांच्याकडे बायका दफनाला जात नाहीत. मुलाला शेवटची माती द्यायला तिला जाता आलं नव्हतं. तिने विचारलं, "बेटा, वहाँ औरतें जाती हैं?"

"हो अम्मी, जातात."

"तो मुझे ले चल."

मी तिला रिक्षातून नेलं. ख्रिस्ती दफनभूमीच्या फाटकाशी पोचलो आणि मी जागच्या जागी उभी राहिले. कब्रस्तानातून पुरुष सरळ इथे आले होते. शंभर तरी असतील. डोक्यावर टोप्या, हाताला, पायजम्याला मघाची ओली माती. सिस्टरांच्या चर्चची माणसं एका बाजूला, ही एका बाजूला, मधे खड्डा. महिनोन्‌महिने या शहरात कुठलेही दोन जमाव समोरासमोर आले की दुकानांची शटर खाली यायची. इथे दोन्हीकडच्या माना खाली होत्या. पाळकांची प्रार्थना झाली. चर्चच्या लोकांनी माती टाकली. मग चाचांचा थोरला मुलगा पुढे आला आणि सिस्टरांच्या भावाला हळूच म्हणाला, "आम्ही टाकली तर चालेल?"

भावाने मान हलवली.

ते एकेक करून आले. अम्मी सगळ्यांत शेवटी. मी तिला खड्ड्याच्या कडेपर्यंत नेलं. तिने मूठभर माती टाकली, मग दुसरी मूठ घेतली. ती कुणासाठी हे मी विचारलं नाही. तिने ती हळूहळू बोटांतून सोडली आणि हात झटकले नाहीत, तसेच घेऊन रिक्षात बसली.

तीन आठवड्यांनी मी पुन्हा गुरुवारी निघाले, नव्या ड्रायव्हरसोबत. पाड्यावर पोचले तेव्हा तिथल्या जुन्या जाणत्या बाबांनी मला खाटेवर बसवलं आणि सांगितलं, "बाई, आमी त्यांचा चिरा बसवनार हाय."

त्या भागात कुणी मोठ्या मनाचं, पराक्रमाचं माणूस गेलं की त्याच्या नावाने उभा दगड बसवतात. वर चंद्र-सूर्य, खाली घोड्यावर बसलेला वीर. त्याला चिरा म्हणतात. शेतांच्या बांधांवर असे चिरे शेकडो वर्षांपासून उभे आहेत. पण बाहेरच्या माणसाचा, तेही दोन निराळ्या धर्मांच्या माणसांचा चिरा कुणी ऐकला नव्हता.

ही बातमी पसरली. एका गुरुवारी मी तिथे असतानाच दोन मोटारसायकलींवरून चार जण आले. जाणत्या बाबांपुढे उभे राहून त्यांनी विचारलं, "कुणाचं स्मारक होतंय इथं?"

"आमच्या मानसांचं."

"ती तुमची कशी? एक मुसलमान, एक ख्रिश्चन. उद्या इथं क्रूस उभा राहील, परवा मजार. कळतं का तुम्हाला?"

बाबांनी चुलीतली काडी घेऊन शांतपणे विडी पेटवली. "आमचे सहा जीव काढून दिले आन् सोता गेली. मंग आमचीच की. जागा आमची, दगड आमचा. तुमच्यातला कोनी आमच्यासाठी वाहून गेला आसंल तं सांगा, त्याचा बी बसवू."

ते चौघं काही वेळ उभे राहिले. आजूबाजूला बायका-पुरुष येऊन थांबले होते. मोटारसायकली वळल्या. मी घाबरून घामाने भिजले होते, आणि बाबांची विडी अजून निम्मीही संपली नव्हती.

खरी अडचण पुढेच होती. दोन्ही घरचे निरोप माझ्यापाशी होते. चाचांच्या मुलाने सांगितलं होतं, "त्यांचं प्रेम आहे, आम्ही नाही कसं म्हणू? पण अब्बांचं चित्र नको. शेंदूर, नारळ, पूजा नको. आमच्यात ते चालत नाही." सिस्टरांचा भाऊ म्हणाला होता, "एक लहानसा क्रूस असावा. आयुष्यभर तिने तो गळ्यात घातला, शेवटच्या वर्षी लपवावा लागला." एकाला चित्र नको, दुसऱ्याला खूण हवी, आणि ती खूण दिसली की मोटारसायकली परत येणार. हे सगळं मी चिरा घडवणाऱ्या म्हाताऱ्याला कसं सांगणार होते?

तो अंगणात दगडापुढे उकिडवा बसला होता. त्याचाही एक डोळा आम्हीच उघडला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"मानूस काढायचा नाय?"

"नाही."

"मंग घोडा बी रिकामा." तो बराच वेळ दगडावर हात फिरवत राहिला. "आमी वीर घोड्यावर बसवतो. ह्यांचा घोडा कंचा व्हता? गाडी. गाडी चालंल का इचारा."

मी तिथूनच टेकडीवर चढून, रेंज पकडून चाचांच्या मुलाला फोन लावला. त्याने मला ते पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाला, "गाडी? आमच्या अब्बांची?" त्याने घरात कुणाला तरी विचारल्याचं ऐकू आलं. "चालेल."

"आन् त्या बाईचं चिन्ह कसं आसतं?" म्हाताऱ्याने विचारलं. मी मातीत काडीने क्रूस काढून दाखवला. तो मान तिरकी करून बघत राहिला. "हे तं गाडीच्या दाराव हायेच की."

भाताची कापणी झाली, घरोघरी नवे तांदूळ आले, तेव्हा चिरा बसवला. नाशिकहून एक गाडी ठरवली होती. पुढे अम्मी, मागे चाचांचे दोन मुलगे आणि सिस्टरांचा भाऊ, आणि मी. नदीच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला दगड उभा होता. वर सूर्य आणि चंद्र. त्याखाली आमची गाडी, चाकं, खिडक्या, वरची पत्र्याची पेटीसुद्धा. खिडक्यांत कुणी नाही. खाली नदीच्या वाकड्या रेघा. दारावर चिन्ह. नाव कुणाचंच नाही.

पाड्यातल्या म्हाताऱ्या बायका नेहमी चिऱ्याला शेंदूर लावतात. त्या दिवशी त्या हात पदराखाली धरून लांब उभ्या होत्या. बाबांनी सांगून ठेवलं होतं, त्यांना चालत नाय म्हंजी आपल्यालाबी नाय. एवढ्या मोठ्या जमावात एकाही हाताला शेंदूर नव्हता. ते पाहून मला जे वाटलं ते मी कुठल्याच देवळात अनुभवलं नाही, आणि माझं बालपण देवळांतच गेलं आहे.

सिस्टरांचा भाऊ दगडापुढे गुडघे टेकून बसला. त्याने दारावरच्या चिन्हावरून बोट फिरवलं, थांबला, पुन्हा फिरवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "खालची दांडी जरा लांब आहे."

मी नीट पाहिलं. खरंच होती. गाडीवरच्या चिन्हाच्या चारही दांड्या सारख्या होत्या. म्हाताऱ्याने इथे खालची बोटभर वाढवली होती. रस्त्यावरून जाणाऱ्याला ते दवाखान्याचं चिन्ह दिसलं असतं. भावाला जे बघायचं होतं ते दिसलं. म्हातारा लांब बसून तंबाखू मळत होता, जणू त्याचा या गोष्टीशी काही संबंध नव्हता.

अम्मी पुढे आली. तिने मला विचारलं, "ड्रायव्हर किधर बैठता है?" मी तिचा तळवा धरून उजवीकडच्या रिकाम्या खिडकीवर ठेवला. तिने तो तिथेच राहू दिला. मग मागे सरकून तिने दोन्ही हात उचलले आणि दुआ मागितली, मुलग्यांनीही मागितली. ती संपल्यावर सिस्टरांच्या भावाने बाबांना विचारलं, "मी एक गाणं म्हटलं तर?"

"म्हना की."

त्याने एक जुनं मराठी उपासना-गीत म्हटलं. आवाज कापरा होता, मधे दोन ठिकाणी अडकला. पाड्यातल्या पुरुषांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या होत्या. असं करतात हे त्यांना कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक. वाजवायला आणलेलं सांबळ जमिनीवर ठेवलेलं होतं. एवढी माणसं, पोरंबाळं, पण ते गाणं आणि नदीचं पाणी यांशिवाय दुसरा आवाज नव्हता. नंतर सगळ्यांना नव्या तांदळाचा भात आणि डाळ वाढली. अम्मीच्या पानापाशी बसून एका बाईने आपलं पोर तिच्या मांडीवर दिलं. जीपमधलं होतं ते. अम्मीने त्याला भरवलं.

शहर अजून पूर्ण सुधारलेलं नाही. बांगड्यांचं दुकान चालतं, पण पहिल्यासारखं नाही. नदीवर मोठा पूल होणार असं दर वर्षी ऐकतो. एवढं मात्र झालं आहे की चाचांच्या घरी काही असलं की सिस्टरांचा भाऊ असतो, आणि नाताळात अम्मी आपल्या हातचा शिरखुर्मा शरणपूरला पाठवते. तो ईदचा पदार्थ असतो असं मी तिला एकदा म्हटलं, तर म्हणाली, "मीठा तो मीठा है."

मागच्या महिन्यात आमची गाडी दुरुस्तीला होती म्हणून मी एसटीने निघाले. पेठ सुटल्यावर कंडक्टर तिकिटं फाडत आला. माझ्या शेजारी भाजीची पाटी घेऊन पाड्यातली एक ओळखीची बाई बसली होती. ती म्हणाली, "एक सिस्टरचाचा."

कंडक्टरने मानही वर न करता तिकीट दिलं. पुढच्या बाकावरचा एक प्रवासी वळला. त्या भागात नवीन असावा.

"हे कुठलं गाव?"

"गाव नाय. फाटा हाय, नदीजवळ," बाई म्हणाली.

"देवबिव आहे का कुणी?"

"नाय हो. मानसं व्हती."

कंडक्टर माझ्यापुढे आला. "तुमचं कुठलं, ताई?"

मला तो शब्द उच्चारायचा होता. नऊ वर्षं मी त्या दोघांना दिवसातून शंभरदा हाका मारल्या होत्या, पण अशी, एका दमात, एका जागेचं नाव म्हणून हाक माझ्या तोंडून निघेना. कंडक्टर थांबला. बस वळण घेत होती.

"त्यांना बी तिथंच," शेजारच्या बाईने सांगितलं.